पेटी आली, बांध गेला

मधमाशीसाठी सरकारनं काय केलं, असं आमच्या भागात कुणालाही विचारा, तो पेटीकडं बोट दाखवील. खोटं नाही ते. महाबळेश्वर, जावळी, वाईच्या पट्ट्यात मधपेटी माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. सोसायटीचा मध, बोर्डाची पेटी, मधाचे साहेब, हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण पेटी हे माशीचं नुसतं घर. तिचं पोट भरतं ते रानात. त्या रानाचं सरकारनं काय केलं आणि आम्ही शेतकऱ्यांनी काय केलं, हा हिशोब कुणी मांडत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, वय पासष्टीला आलेलं. जे डोळ्यांनी पाहिलं, जुन्या मधपाळांकडनं ऐकलं आणि पुस्तकांतनं, सरकारी कागदांतनं वाचलं, ते एका ओळीत लावून बघतोय.

आमचा गाव वाई तालुक्यात. वरचं अंग डोंगराचं, खालचं कालव्याचं. मध देणाऱ्या माश्या आमच्याकडं चार जातीच्या. आग्या माशी उंच झाडाला नाहीतर कड्याला एकच मोठं पोळं लावते. तिच्या वाटेला कुणी जात नाही. फुलोरी बारकी, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करते. पोयाची माशी चिलटाएवढी, तिला डंख नाही, ती भिंतीच्या फटीत, झाडाच्या खोडात राहते. आणि चौथी सातेरी. हिला अंधार लागतो. झाडाची ढोली, जुनं वारूळ, खडकाची कपार, मातीच्या घराची भिंत, अशा जागी ती एकाशेजारी एक पोळी लावते. म्हणून ती पेटीत राहू शकते. आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. याशिवाय लाकूड पोखरणारे काळे भुंगे, एकट्या राहणाऱ्या रानमाश्या, फुलपाखरं, पतंग आहेतच. ते मध देत नाहीत, पण एका फुलातलं पीठ दुसऱ्या फुलात नेतात. शाळेत त्याला परागीभवन म्हणतात. आमची आजी म्हणायची, "माशी फिरली न्हाई तर भोपळ्याची कळी कुजून गळती." अर्थ तोच.

जुन्या घराच्या मागच्या भिंतीत सातेरी होती. आजोबा वर्षातनं एकदा, उन्हाळ्यात, शेणीचा धूर देऊन मध काढायचे. पोळ्याचा मधाचा तेवढाच भाग कापायचे, पिलावाला हात लावायचे नाहीत. "तिचं घर मोडलं तर पुढच्या साली कुणाकडं जाशील?" असं त्यांचं म्हणणं. सगळेच असे नव्हते. रानातला मध काढणारे बहुतेक जण पेटता टेंभा लावून माश्या जाळायचे आणि अंडी, पिलं, मेण, मध सगळं एकत्र पिळायचे. बाटलीभर मधासाठी अख्खी वसाहत जायची. तेव्हा पेटी आली ती काही वाईट गोष्ट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

पेटीची गोष्ट लांबची आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या १८५१ साली एक गोष्ट ध्यानात आली. माशी ये-जा करायला ठरावीक रुंदीची फट मोकळी ठेवते, ती बुजवत नाही. तेवढंच अंतर ठेवून चौकटी टांगल्या, तर पोळं न मोडता चौकट बाहेर काढता येते, मध काढून परत ठेवता येते. आपली सातेरी त्यांच्या माशीपेक्षा लहान. तिच्या मापाची छोटी पेटी दक्षिण हिंदुस्थानात न्यूटन नावाच्या पाद्र्यानंच गेल्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. १९२८ साली इंग्रज सरकारच्या शेती आयोगानं मधमाशीपालन हा खेड्यातला जोडधंदा व्हावा अशी शिफारस केली. पुढं १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि तेलघाणी, गूळ, हातकागदाबरोबर मधमाशीही ग्रामोद्योगात आली.

आमच्या डोंगरात हे काम आलं १९४६ साली. मुंबई प्रांताच्या सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. ग्रामोद्योगाची त्यांना मनापासून ओढ. पुढं देशाच्या खादी ग्रामोद्योगाचं नेतृत्वही त्यांनीच केलं. त्या काळात ग्रामोद्योग समितीनं महाबळेश्वरला मधमाशीपालन सुरू केलं. जागा अचूक निवडली होती. डोंगरातल्या कुणबी, कोळी, धनगर माणसाला सातेरीची ढोली दाखवावी लागत नव्हती. पावसानं धुपलेल्या जमिनीत नाचणी-वरीपलीकडं काही पिकत नव्हतं, त्यामुळं चार पैशांची गरज होती. आणि मुख्य म्हणजे वर जंगल उभं होतं.

त्या जंगलाचं फुलांचं एक पंचांग आहे. हिवाळ्यात पिसा फुलतो. उन्हाळ्याच्या तोंडाला जांभूळ, त्यामागं हिरडा, गेळा. म्हणून मधाचा खरा हंगाम पावसाळ्याआधीचा. पाऊस लागला की माशी पेटीत कोंडली जाते. तेव्हा मधपाळ तिला साखरेचा पाक देतो. कारवीची गोष्ट न्यारी. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, फुलते तेव्हा अख्खा उतार जांभळा करते आणि बी टाकून वाळून जाते. कारवीचं साल आलं की मधपाळाच्या घरात लग्नं ठरायची, असं जुनी माणसं सांगतात. सरकारनं १९५२ साली महाबळेश्वरला मधमाश्यांची प्रयोगशाळा काढली. चिं. वि. ठकार यांच्यासारखे अभ्यासक तिथं घडले. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था उभी राहिली, तिथं डॉ. देवडीकरांनी काम केलं. कोणतं झाड कधी फुलतं, कुठलं माशीला रस देतं, कुठलं नुसतं पीठ देतं, याच्या नोंदी या लोकांनी केल्या. हे काम फार मोलाचं होतं.

पण सरकारी खात्याला वर्षाअखेरीस आकडा द्यावा लागतो. मग किती पेट्या वाटल्या, किती माणसांना शिकवलं, किती किलो मध गोळा झाला, हे मोजलं जाऊ लागलं. किती जांभळी उभ्या आहेत, किती गेळे तुटले, कुठल्या उतारावर वणवा लागला, हे मधाच्या खात्याच्या वहीत कुठनं येणार? जंगल वनखात्याकडं, बांध महसूलकडं, पीक आणि औषध शेतीखात्याकडं, पेटी खादी बोर्डाकडं. माशीला मात्र या चारही खात्यांतनं रोज उडावं लागतं. सातेरी पेटीपासनं साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत फिरते. तेवढ्या घेरात बारा महिन्यांतले निदान आठ-नऊ महिने काहीतरी फुललेलं पाहिजे. नसलं तर ती पेटी सोडून जाते. सरकारी शिक्का असला तरी जाते.

वर महाबळेश्वरला हे निभावलं, कारण तिथलं जंगल इंग्रजांच्या काळापासून राखीव होतं. ते राखलं माशीसाठी नव्हे. थंड हवेसाठी, नद्यांच्या उगमासाठी, सरकारी लाकडासाठी. माशीला त्याचा आयता आसरा मिळाला. खाली आमच्याकडं तसं कुणी काही राखलेलं नव्हतं. आमच्याकडं जे होतं ते बांधावर होतं.

कालव्याच्या आधीची आमची शेती डोळ्यांपुढं आणतो. बांध दोन-दोन हात रुंद. त्यावर बोरी, बाभळी, करंज, हिवर, मधेच पळस आणि पांगारा, खाली निरगुडी. पावसाळ्यात ज्वारी-बाजरीत तुरीचा पट्टा, कडेला तीळ, अंबाडी, वरच्या मुरमाड तुकड्यात कारळे. कारळ्याचं रान पिवळं झालं की नुसता गुंजारव. थंडीत करडई, जवस, परड्यात कोथिंबीर फुलायला सोडलेली. हे सगळं आम्ही तेलासाठी, डाळीसाठी, जळणासाठी, कुंपणासाठी करत होतो. माशीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. तरी तिला वर्षभर काही ना काही मिळत होतं.

मग धोम धरणाचं पाणी कालव्यानं फिरलं. त्या पाण्यानं आमचं दैन्य हटलं, त्याला नाव ठेवणारा मी नाही. माझी मुलं शिकली ती उसावर. पण ऊस माशीला काही देत नाही. कारळे गेलं, जवस गेलं, करडई गेली. एक-एक सरी वाढावी म्हणून दोन हातांचा बांध वीतभर झाला. सावलीनं पीक मारतं म्हणून बाभळी-करंज निघाले. हिवाळ्यात फुलं नसली की माश्या गुऱ्हाळावर येऊ लागल्या. रसाच्या वासानं यायच्या आणि उकळत्या काहिलीत पडून मरायच्या. गुळव्या झाऱ्यानं मळीबरोबर त्यांना काढून फेकायचा. गुऱ्हाळाच्या मागं मेलेल्या माश्यांचा थर साचलेला मी बघितलाय. तेव्हा वाटायचं, गोडाला हपापलेल्या आहेत. आता कळतं, त्या उपाशी होत्या.

घरंही बदलली. माती-दगडाच्या भिंती पाडून विटा-सिमेंटची स्लॅबची घरं आली. घरकुलं मिळाली, चांगलं झालं. गळकं घर कुणाला हवं? पण सातेरी आणि पोयाची या दोघींची गावातली जागा गेली. आग्या मग पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली बसायला लागली, कारण हमरस्त्याकडेचे जुने वड रुंदीकरणात तुटले. टाकीखाली पोळं दिसलं की पोरं घाबरतात, माणसं रात्री जाळ लावतात.

बांध आणि फुलं गेल्याचा पहिला हिशोब आम्हांला सूर्यफुलानं दिला. देशात खाद्यतेलाची टंचाई म्हणून केंद्र सरकारनं १९८६ साली तेलबियांची मोहीम काढली. आमच्याकडंही सूर्यफूल आलं. फूल थाळीएवढं, पण दाबून बघितलं तर मधले दाणे पोचट. शेतीखात्याचे साहेब शिवारात आले. त्यांनी सांगितलं, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान तळहाताला मऊ कापड गुंडाळून फुलावरनं हलकेच फिरवा, नाहीतर दोन फुलं एकमेकांवर घासा. आई आणि शेजारच्या बायका आठ-दहा दिवस तेच करत होत्या. आई कंटाळून म्हणाली, "साहेब, आता माशीचं काम बी बाईनंच करायचं व्हय?" साहेब हसले आणि म्हणाले, "मग मावशी, पेट्या ठेवा."

माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, खरंच दोन पेट्या घेतल्या. योजनेतनं मिळाल्या. महाबळेश्वरला जाऊन शिकूनही आले. पहिल्या वर्षी सूर्यफूल भरलं, थोडा मधही निघाला. पण सूर्यफूल महिनाभराचं. नंतर शिवारात ऊस आणि ऊसच. माघ-फाल्गुनात एक पेटी उडून गेली, दुसरीत मेणकिडा पडला. तात्यांनी साहेबांना विचारलं, त्यांनी नवीन वसाहत देतो म्हटलं. तात्या म्हणाले, "साहेब, माशी नगं, तिला चारा द्या." साहेबांच्या कागदात चाऱ्याचा रकाना नव्हता. पुढं त्या पेट्या तात्यांच्या ओसरीवर बी-बियाणं ठेवायला कामी आल्या.

त्यातच १९९१-९२ ला रोगाची साथ आली. थाई सॅकब्रूड नावाचा हा विषाणूचा रोग. यात पिलं पाण्याच्या पिशवीगत होऊन कोशातच मरतात. दक्षिणेकडच्या राज्यांत सातेरीच्या बहुतेक पेट्या त्यानं रिकाम्या केल्या. ज्या वसाहती तगल्या त्या बऱ्याचशा रानातल्या होत्या आणि पुढं रानातनंच पेट्या हळूहळू पुन्हा भरल्या. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. रान हे सातेरीचं बियाणं आहे. ते मोडलं तर पेट्या भरायला कुठल्या कारखान्यात जाणार?

दुसरी एक वाट सरकारनं आधीच धरली होती. युरोपातली मेलिफेरा माशी १९६२ साली नगरोटा बगवां इथं, तेव्हाच्या पंजाबात आणि आताच्या हिमाचलात, डॉ. अटवाल यांनी यशस्वीपणे रुजवली. ती जास्त मध देते, सहज उडून जात नाही. पण तिला मोठा फुलोरा लागतो, म्हणून पेट्या ट्रकमध्ये भरून मोहरीच्या, ओव्याच्या, सूर्यफुलाच्या मागं फिरवाव्या लागतात. आज आमच्याकडं कांद्याचं बी धरणारा, डाळिंब करणारा शेतकरी त्या पेट्या भाड्यानं आणतो. जे काम बांधावरची माशी फुकट करत होती, त्याची आता पावती फाडावी लागते.

झाडांसाठी सरकारनं काही केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. १९६४ साली झाडतोडीला आळा घालणारा कायदा झाला. हिरडा, जांभूळ, आंबा अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत. हेतू चांगला. पण परिणाम असा झाला, की जांभळीचं रोप बोटाएवढं असतानाच शेतकरी उपटून टाकू लागला, पुढं परवानगीची कटकट नको म्हणून. १९८२ साली सामाजिक वनीकरणाचं खातं निघालं. त्यातनं निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प असं लवकर वाढणारं बरंच लागलं. निलगिरीच्या फुलावर माशी जाते, उगाच नावं ठेवत नाही. पण एकाच जातीचं झाड एकदाच फुलतं आणि बाकीचं वर्ष कोरडं जातं. १९९० पासनं रोजगार हमीतनं फळबागा आल्या. आमच्या डोंगराच्या अंगाला आंबा, सीताफळ, बोर लागलं ते त्यातनंच. माझ्या मते सरकारनं नकळत माशीसाठी केलेल्या कामांत हे मोठं काम. २०१६ ला दोन कोटींपासून सुरू होऊन २०१९ ला तेहतीस कोटी झाडांपर्यंत गेलेली मोहीमही आम्ही बघितली. त्यात खड्डे मोजले, रोपं मोजली. कुठलं झाड कुठल्या महिन्यात फुलतं, याची यादी आमच्यापर्यंत कुणी आणली नाही. आणि ती तर महाबळेश्वरला साठेक वर्षांपूर्वीच तयार होती.

वर डोंगरात २००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बांधकामाला चाप बसला म्हणून त्या वेळी बरीच ओरड झाली, अजून होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण हे गौण वनउपज म्हणून लिहिलं गेलं, म्हणजे रानातल्या मधावर तिथं राहणाऱ्यांचा हक्क कायद्यानं मान्य झाला. २०१२ साली कोयना, चांदोली, राधानगरी आणि कासचं पठार जागतिक वारसा म्हणून नोंदलं गेलं. कासवर सोनकी, तेरडा, गेंद फुलतात तेव्हा माणसांचीच जत्रा भरते. तिथं फुलं वाचवायला कुंपण घातलं गेलं. मग कळलं की गुरं चरायची थांबली तर गवत माजतं आणि बारकी फुलं दबतात. कुंपण पुढं निघालं. गुराख्याला विचारलं असतं तर त्यानं हे उभ्या-उभ्या सांगितलं असतं. राखायचं म्हणजे माणूस आणि गुरं बाहेर काढायची असंच नसतं, एवढं त्यातनं शिकण्यासारखं आहे.

औषधांचं वेगळं सांगितलं पाहिजे. डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. आमचे लोक समजतात, हिरवा म्हणजे निर्धोक. पण तो रंग माणसाला ते औषध किती विषारी एवढंच सांगतो, माशीला किती ते सांगत नाही. २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं सत्तावीस औषधांवर बंदीचा मसुदा काढला. त्यांतल्या काहींपुढं मधमाशीला घातक हे कारण सरकारी कागदात छापून आलं. मसुद्यातली थोडीच औषधं पुढं प्रत्यक्ष बंद झाली. तरी सरकारनं हे कारण लिहिलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. तोवर एक नियम आपल्या हातात आहे. फुलोऱ्यात फवारू नये, फवारायचंच तर सूर्य कलल्यावर, माश्या घरी गेल्यावर. मजूर सकाळचाच मिळतो, ही अडचण मलाही आहे.

त्याच २०२० साली केंद्रानं राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियानासाठी पाचशे कोटी रुपये जाहीर केले. परागीभवनातनं पीक वाढवणं हा त्यातला एक हेतू. म्हणजे मधाच्या किलोपलीकडं बघायला सुरुवात झाली. आणि २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळानं महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. पुढं कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगावही त्या वाटेनं गेलं. मांघरला बहुतेक घरांत पिढ्यानपिढ्या मधपाळ. भोवती जंगल. तिथं सरकारनं नवीन काही आणलं नाही, जे होतं त्याला नाव आणि मान दिला. पेटी एका माणसाची असते, तर गाव म्हटलं की शिवार आलं, पाणी आलं, डोंगर आला. म्हणून ही कल्पना मला आवडली. आता प्रश्न आमच्यासारख्या गावांचा आहे, जिथं जंगल अर्धंच उरलंय.

आमच्या गावाला पंधरा-वीस एकर गायरान आहे. त्यावर पळस, पांगारा, बोरी, करवंदीच्या जाळ्या, ओढ्याकडंला करंज आणि एक जुनी सावर. सावरीला दरवर्षी आग्याची पोळी लागतात. गेली दोन वर्षं तिथं सौर विजेचा प्रकल्प बसवायचा विषय ग्रामसभेपुढं आहे. सरकारचंच धोरण आहे, शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. मी गायरानाबद्दल बोलायला उठलो तेव्हा एक तरुण पोरगा म्हणाला, "नाना, रात्री एक वाजता मोटर चालू करायला तुम्ही येता का? फुरसं चावलं म्हणजे मधमाशी वाचवणार हाय का?" मी म्हटलं, "बाळ, मी बी रात्रीचाच जातो. मला बी दिवसा लाईट पाहिजे." त्याचं चूक नव्हतं. पण हाच पोरगा कांद्याचं बी धरतो आणि पेट्या भाड्यानं आणतो. मी एवढंच मांडलं, की वरचा उघडा मुरमाड तुकडा पॅनेलला द्या, ओढ्याकडचा झाडांचा भाग सोडा आणि ठरावात तसं लिहा. काहींना पटलं, काहींना वाटलं अर्धी जमीन दिली तर प्रकल्पच दुसऱ्या गावाला जाईल. मोजणी व्हायची आहे. ठराव अजून झालेला नाही.

बांधाचं मात्र कुणाच्या ठरावावाचून अडत नाही. रोजगार हमीतनं बांधावर झाडं लावायला पैसे मिळतात, ते फार थोडे जण घेतात. २०२१ पासनं राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या मोबाईलवरनं आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवायचं. त्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. वर मी म्हटलं ना, साहेबांच्या कागदात चाऱ्याचा रकाना नव्हता. तो रकाना आता आलाय, कुणी माशीसाठी म्हणून आणलेला नसला तरी. आमच्याकडचे बरेच जण तिथं काहीच भरत नाहीत, पीक भरलं की मोबाईल खिशात टाकतात. मी गेल्या हंगामात नातवाला जवळ बसवून भरलं: करंज चार, बोरी तीन, शेवगा सहा, जांभूळ दोन. जांभळी अजून गुडघ्याएवढ्याच आहेत. नातू म्हणाला, "आजोबा, एवढुशी झाडं पण लिहायची?" म्हटलं, लिही. फुलायला आठ-दहा वर्षं लागतील, तोवर नोंद असू दे.